वाचक विचारतात : तुरीच्या वावरात सापडलेली वाघाटीची पिल्लं

प्रश्न : ताई, काटोलजवळ आमचं वावर आहे. तुरीची सोंगणी चालू असताना धुऱ्याच्या कडेला पऱ्हाटीच्या ढिगाखाली दोन पिल्लं निघाली, अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. मजूर म्हणाले बिबट्याची आहेत, मग काय, सगळे काम सोडून पळाले. माझ्या पोराने टोपलीत घालून घरी आणली, कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. मग आमचे मामा आले, ते म्हणाले ही तर वाघाटी आहे, म्हणजे छोटं जंगली मांजर, जिथून आणली तिथेच ठेवा. संध्याकाळी टोपली तिथेच नेऊन ठेवली, सकाळी पिल्लं नव्हती. आईने नेली असतील की कुत्र्यांनी? आणि माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकून देते म्हणतात, ते खरं आहे का? पोरगं रोज विचारतंय.

उत्तर : दादा, आधी पोराला सांगा की आईनेच नेली असण्याची शक्यता जास्त आहे. तुम्ही चिठ्ठीत पुढे लिहिलंय की टोपली होती तशीच होती, आतलं फडकं चुरगळलेलं पण फाटलेलं नव्हतं आणि आजूबाजूला रक्त नव्हतं. गावची कुत्री आली असती तर टोपली उलटीपालटी करून दहा हात लांब नेली असती, मांजर मात्र येते, मानेला धरून एकेक पिल्लू उचलते आणि निघून जाते. हात लागल्यावर आई टाकून देते हे खरं नाही. जुन्नर भागात उसाच्या तोडणीत वाघाटीची आणि बिबट्याची पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं ती उचलतात, डॉक्टर तपासतात आणि अंधार पडायच्या आत त्याच फडात परत ठेवतात, अन् आई येऊन घेऊन जाते. असं कितीतरी वेळा कॅमेऱ्यात दिसलंय. तुमच्या मामांनी अगदी बरोबर केलं.

बिबट्या आणि वाघाटीत घोटाळा नेहमी होतो पण वजन बघितलं तर पटकन कळतं. बिबट्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू अर्धा किलोच्या आसपास असतं आणि वाघाटीचं शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. अहो, अख्खी मोठी वाघाटीच एक ते दीड किलोची, म्हणजे आपल्या घरच्या मांजरीपेक्षा निम्मी! जगातल्या सगळ्यात लहान जंगली मांजरांत तिची गणती होते, तिच्या जोडीला बसेल अशी एक आफ्रिकेच्या दक्षिणेकडची काळ्या पायांची मांजर आहे, बस. आणि आपली वाघाटी भारत, श्रीलंका आणि थोडी नेपाळात, याच्या बाहेर जगात कुठेच नाही. 1831 साली पाँडिचेरीहून मिळालेल्या नमुन्यावरून एका फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती दक्षिणेचीच असं लोक धरून चालले होते, मग गीरमध्ये सापडली, जम्मूकडे सापडली, आपल्याकडे नागझिऱ्याच्या जंगलातही नोंद झाली.

आता तुमच्या वावरात कशी आली? आली नाही दादा, ती तिथेच राहते. शेतात उंदीर मुबलक, सरडे, बेडूक, किडे, लहान पाखरं, सगळं तिच्या तोंडात मावेल असं, आणि लपायला पऱ्हाटीचे ढीग, दगडी बांध, झाडांच्या ढोल्या. झाडावर तर सरसर चढते. दिवसभर दडून बसते अन् रात्री निघते, म्हणून शेजारी राहूनही जन्मभर दिसत नाही. वाघ बघायला आपण पेंच-ताडोबाचं बुकिंग करतो आणि हिचा संसार आपल्या धुऱ्यावर चाललेला असतो. मला याचं फार अप्रूप वाटतं, आणि काळजीही वाटते, कारण धुरा पेटवला किंवा पऱ्हाटीला काडी लावली की पिल्लं आतल्या आत जातात. पेटवायच्या आधी ढीग काठीने हलवून बघा, शक्यतो आदल्या संध्याकाळी, म्हणजे आईला रात्रभरात पिल्लं दुसरीकडे न्यायला वेळ मिळतो.

एक मात्र पुढच्या वेळी करू नका. दूध पाजू नका. गाईम्हशीच्या दुधाने जुलाब लागतात, आणि बोळ्याने पाजताना ते श्वासनळीत गेलं तर पिल्लू दगावतं. पिल्लं धडधाकट असली तर तिथलं काम तेवढं थांबवायचं, कुत्री बांधायची आणि लांब व्हायचं. आई आसपासच असते, माणसं हलल्याशिवाय येत नाही. जखमी असली, थंडगार पडली असली, किंवा रात्र जाऊनही आई आली नाही, तरच वनखात्याच्या 1926 नंबरवर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे अशा प्राण्यांवर उपचार होतात.

प्रश्न : हिंगणा रोडवर रात्री गाडीच्या उजेडात एक मांजर आडवी गेली, लांब पाय, शेपटीच्या टोकाकडे काळ्या कड्या, कानाच्या टोकाला केस. ही वाघाटी का?

उत्तर : नाही, हे रानमांजर. उंच पाय, आखूड शेपूट, कड्या, कानावरचे केस, सगळं तिचंच वर्णन आहे. वाघाटीच्या करड्या पाठीवर तांबूस, गंजाच्या रंगाचे ठिपके ओळीने असतात, कपाळावरून मानेपर्यंत गडद पट्टे, डोळ्यांच्या आतल्या बाजूला दोन पांढऱ्या रेघा, आणि शेपटीवर जवळपास काहीच नाही. रानमांजरही गाडीखाली खूप मरतात, तेव्हा त्या रस्त्याला रात्री स्पीड कमी ठेवा.

प्रश्न : वाघाटीचं पिल्लू पाळलं तर चालेल का? रील्समध्ये खूप गोड दिसतात.

उत्तर : चालणार नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. कायदा बाजूला ठेवला तरी घरच्या मांजरीचे रोग तिला लागतात, आणि मांजरींशी संकर होण्याचा धोका आहे तो वेगळाच. शेतावर मांजर ठेवत असाल तर तिचं लसीकरण आणि नसबंदी करून घ्या, वाघाटीसाठी एवढं नक्की करता येतं.