औद्योगिक क्रांतीच्या काळातील इंग्लंडचे वर्गजीवन समजून घेण्यासाठी डिकन्स यांची ‘हार्ड टाइम्स’ पुरेशी आहे का?

माझ्या मते नाही. एकच कादंबरी वाचायची असेल, तर मी एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ सुचवेन. या दोन्ही कादंबऱ्या डिकन्स यांच्याच ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात १८५४ साली पाठोपाठ क्रमशः येऊ लागल्या, त्यामुळे त्यांची तुलना करणे सोपे जाते. प्रेस्टनच्या कापड गिरण्यांतील संप पाहण्यासाठी डिकन्स त्या वर्षीच्या जानेवारीत तेथे जाऊन आले. गॅस्केल मात्र १८३२ मध्ये लग्न होऊन मँचेस्टरला आल्या आणि धर्मोपदेशकाच्या पत्नी या नात्याने कामगारांच्या वस्तीत वावरल्या. डिकन्स यांचा युनियनचा पुढारी स्लॅकब्रिज हा निव्वळ वाचाळ सोंगाड्या वाटतो, तर गॅस्केल यांचा निकोलस हिगिन्स युनियनचा कट्टर माणूस असूनही मालकाशी मुद्देसूद वाद घालतो.

हिगिन्सची मुलगी बेसी जेमतेम एकोणीस वर्षांची आहे. कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करताना छातीत तूस जाऊन ती मरणाच्या दारी पोहोचली आहे. ती सांगते की, काही गिरण्यांत हे तूस बाहेर ओढून नेणारे मोठे चाक असते. परंतु त्याला पाचसहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काहीच होत नाही, म्हणून थोडेच मालक ते बसवतात. पुढचे वाक्य अधिक बोचते: तूस गिळण्याची सवय झालेल्या काही कामगारांना असे चाक असलेली जागाच नको असते, कारण तूस पोटात गेले नाही की भूक जास्त लागते, आणि तेवढी मजुरी कोणी वाढवून देत नाही! कारखानदारीचे अर्थशास्त्र इतक्या थोडक्यात मांडलेले मी अन्यत्र वाचलेले नाही.

युनियनलाही लेखिका सूट देत नाही. संपात नाइलाजाने ओढला गेलेला, घरी उपाशी मुले असलेला बाउचर अखेर ओढ्यात जीव देतो, आणि त्याचा मृतदेह सापडतो तेव्हा रंगाच्या कारखान्यांनी वापरलेल्या त्या पाण्याचे डाग त्याच्या चेहऱ्यावर असतात.

शेवट मात्र मला पटत नाही. अडचणीत आलेल्या गिरणीमालक थॉर्नटनला नायिका मार्गारेटला वारशाने मिळालेला पैसा सावरतो, त्यांचे प्रेमही जुळते, आणि मजुरीचा प्रश्न तसाच राहतो. तो अधिक कडवटपणे मांडलेला हवा असेल, तर गॅस्केल यांचीच १८४८ मधील ‘मेरी बार्टन’ पुढे वाचावी.