वाचक विचारतात: रोज एवढं पळतोय, तरी टायमिंग का कमी होत नाही?

प्रश्न: सर, मी १७ वर्षांचा आहे, १०० मीटर पळतो. तीन महिने झाले, आठवड्यातले सहा दिवस २०० मीटरच्या दहा रेप (म्हणजे फेऱ्या) मारतोय, मध्ये फक्त एक मिनिट रेस्ट. शेवटी पाय इतके भरून येतात की उभं राहवत नाही. पण टायमिंग १२.६ सेकंदांवरून हललं नाही, उलट परवा १२.८ आलं. अजून काय वाढवू?

उत्तर: काहीच वाढवू नकोस रे, आधी कमी कर. तुझी मेहनत खरी आहे पण ती चुकीच्या जागी चाललीये, आणि हे मी कळकळीने सांगतोय कारण नवीन पोरं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. जीव तोडून पळायला जी ताकद लागते ती स्नायूत आधीच साठलेल्या एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनांमधून येते, हा साठा फुल स्पीडला काही सेकंदच पुरतो आणि परत भरायला काही मिनिटं जातात. तू एक मिनिटात पुन्हा सुटतोस म्हणजे टाकी अर्धवट भरलेली असतानाच गाडी काढतोस. मग तिसऱ्या-चौथ्या रेपपासून तू स्प्रिंट मारतच नसतोस, नुसता दमलेल्या पायांनी पळत असतोस, आणि शरीर जे रोज करतं तेच शिकतं. तीन महिने तू रोज हळू पळायची प्रॅक्टिस केलीस.

एक सोपा हिशोब लक्षात ठेव, फुल स्पीडने जितकं पळलास त्यातल्या दर दहा मीटरला साधारण एक मिनिट रेस्ट. म्हणजे ३० मीटर मारलेस तर तीन मिनिटं, ६० मारलेस तर सहा. सुरुवातीला विचित्र वाटेल, बाकीचे घामाघूम होतायत आणि आपण चालतोय असं वाटून अपराधी वाटेल, तरी चालत राहायचं. आणि फुल स्पीडच्या दोन दिवसांमध्ये किमान ४८ तास जाऊ दे, कारण स्नायूंइतकाच मज्जासंस्थेवरही ताण पडलेला असतो.

आठवडा असा लावून बघ. सोमवारी नीट वॉर्मअप, ड्रिल्स (पळण्याच्या हालचालींचा सराव), मग ३० मीटरच्या पाच रेप, बस. बुधवारी थोडासा चढ शोधून त्यावर २०-२५ मीटरच्या सहा, खाली चालत यायचं. चढावर पाय आपोआप मागे ढकलायला शिकतो आणि फार पुढे पडतही नाही. शनिवारी फ्लाइंग, म्हणजे २० मीटर हळूहळू वेग घ्यायचा आणि पुढचे २० मीटर पूर्ण वेगात, अशा चार. मधल्या दोन दिवशी स्क्वॉट, लंजेस, पोटाचे व्यायाम किंवा गवतावर आरामात शंभर-शंभर मीटर, बोलता येईल एवढ्याच जोरात. उरलेले दोन दिवस शांत बसायचं, खरंच शांत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक रेपचं टायमिंग लिहून ठेव. ३० मीटर ४.३ ला पळत होतास आणि ४.५ आलं की त्या दिवसाचं स्प्रिंटिंग संपलं, वहीत दोन रेप उरल्या असल्या तरी. २०० च्या रेप वाईट नाहीत, त्यांची वेळ नंतर येते, मीट म्हणजे स्पर्धा जवळ आल्यावर, आणि तेव्हाही दोन किंवा तीनच, भरपूर रेस्ट देऊन.

प्रश्न: मॅम म्हणतात माझा स्टार्ट खराब आहे. ब्लॉकमधून (सुटताना पाय टेकवायचा आधार) निघाले की दोन पावलांत मी सरळ उभी होते आणि सगळ्या पुढे जातात. गन ऐकायलाही उशीर होतो का काय असं वाटतं. (वय १५)

उत्तर: गनची काळजी सोड. २००९ ला बर्लिनमध्ये उसेन बोल्ट १०० मीटर ९.५८ सेकंदांत पळाला तेव्हा गन ऐकून हलायला त्याला ०.१४६ सेकंद लागले होते आणि ०.१०० च्या आत कोणी हललं तर फाउलच धरतात, म्हणजे तिथे कमवायला फार थोडं असतं. तुझा वेळ जातोय तो पुढच्या दहा मीटरमध्ये.

लवकर उभं राहण्याची कारणं बहुतेक वेळा दोन असतात, एक तर मान वर करून फिनिश लाइन बघणं, दुसरं म्हणजे ब्लॉक फार जवळ लावणं. पुढचा ब्लॉक रेषेपासून आपल्याच पावलाच्या मापाने दोन पावलं मागे, मागचा तीन पावलं मागे, इथून सुरू कर आणि मग सोयीप्रमाणे थोडं इकडेतिकडे सरकव. कुठला पाय पुढे हे कळत नसेल तर सरळ उभी राहा आणि मैत्रिणीला सांग मागून नकळत हलकासा धक्का दे, तोल सावरायला जो पाय आधी पुढे पडतो तो सहसा मागच्या ब्लॉकवर ठेवायचा. 'सेट' म्हटल्यावर कंबर खांद्यांपेक्षा जराशी वर. गन झाली की दोन्ही पायांनी ब्लॉक ढकलायचा, नुसता पाय उचलून पळत सुटायचं नाही, आणि पहिली सहा-सात पावलं नजर खाली ट्रॅकवर.

पण माझं प्रामाणिक मत विचारशील तर महिनाभर ब्लॉक बाजूलाच ठेव. उभ्याने पुढे झुकत झुकत तोल जाईल तेव्हा सुटायचं, ते जमलं की एक हात जमिनीवर टेकवून. मागे ढकलणं म्हणजे काय हे पायांना एकदा समजलं की ब्लॉकमध्ये वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रश्न: मित्राने स्टॉपवॉच लावलं तेव्हा १२.१, मीटमध्ये इलेक्ट्रॉनिकवर १२.४. मी नर्व्हस होतो का?

उत्तर: नाही, दोन्ही टायमिंग जवळपास सारखीच आहेत. माणूस गन झाल्यावर बटन जरा उशिरा दाबतो, त्यामुळे हाताचं टायमिंग कमी दिसतं. १०० मीटरला तुलना करताना त्यात ०.२४ मिळवायची पद्धत आहे. १२.१ चे झाले १२.३४. प्रॅक्टिसची तुलना प्रॅक्टिसशी कर आणि मीटची मीटशी.

प्रश्न: ७० मीटरपर्यंत मी पुढे असते, मग शरीर आखडतं आणि दोघी-तिघी मला ओलांडून जातात. स्टॅमिना कमी पडतो का?

उत्तर: शेवटी वेग सगळ्यांचाच कमी होतो गं. बोल्टच्या त्याच रेसमध्ये ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदांत आणि शेवटचे २० मीटर १.६६ मध्ये गेले, म्हणजे जगातली सगळ्यात फास्ट रेस पळतानाही तो शेवटी मंदावलाच. ज्या तुला ओलांडतात त्याही मंदावतायत, फक्त तुझ्यापेक्षा कमी. तू काय करत असणार तर त्या दिसल्या की दात आवळून, मुठी घट्ट धरून पावलं लांब टाकत असणार. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की ते ब्रेकचं काम करतं. जबडा सैल, गाल हलले पाहिजेत इतका सैल, खांदे खाली, आणि पाय कंबरेच्या खालीच पडू दे. हे रेसमध्ये आठवत नाही म्हणून फ्लाइंगच्या रेपमध्येच सवय लाव, चेहऱ्यापासून सुरुवात कर.

प्रश्न: वय ३६. कॉलेजनंतर पहिल्यांदा ट्रॅकवर उतरलो, दुसऱ्याच दिवशी फुल १०० मारली आणि मांडीच्या मागे कट्कन झालं. आता तीन आठवडे झालेत, चालताना दुखत नाही. परत पळू का?

उत्तर: आधी फिजिओला दाखवा, कट् असा आवाज आला असेल तर नक्कीच. चालताना दुखत नाही म्हणजे बरं झालं असं धरू नका, कारण हॅमस्ट्रिंगवर खरा ताण येतो तो पाय पुढे फेकून जमिनीवर टेकायच्या आधीच्या क्षणी, आणि चालताना तो ताण तेवढा येतच नाही. फिजिओने हो म्हटलं की जॉगिंग, मग ड्रिल्स, मग साधारण ६० टक्के जोराने ५०-६० मीटर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही जाणवलं नाही तरच पुढची पायरी. सोबत नॉर्डिक कर्ल सुरू करा, गुडघ्यांवर बसून, कोणीतरी घोटे धरून ठेवलेत आणि तुम्ही सावकाश पुढे झुकताय. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, चार-पाचच करा, दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच धरतील. आणि वॉर्मअपला वीस मिनिटं द्या, त्यात शेवटी वेग वाढवत नेलेल्या तीन-चार रेप असू देत, थंड अंगाने फुल १०० परत कधीच नको. स्पाइक्स (तळाला खिळे असलेले शूज) अजून दोन महिने घालू नका, साध्या शूजवर सगळं होतं.