सकाळचा हात डॉक्टरांना दुपारी कसा दिसणार?

तुमचा प्रश्न असा आहे: वय सत्तावीस, चार वर्षांपासून आमवात, दवाखान्यात वडील बरोबर येतात आणि तेच बोलतात, तुम्हाला विचारायचं ते पोटातच राहतं. त्यात आता घरात लग्नाचं बघायला लागलेत. डॉक्टरांपुढे बोलायचा धीर कुठून आणायचा?

धीराचं मला विचारू नका. मला या दुखण्याला बारा वर्षं झाली आणि त्यातली पहिली तीन मीही डॉक्टरांपुढे नुसती मान हलवत काढली. पुढे काय बदललं तेवढं सांगते.

मी ब्लाउज शिवते. गाव तासगावच्या बाजूला. चौतिसाव्या वर्षी सकाळी बोटं वळेनाशी झाली. वाटलं, कात्री धरून धरून झालं असेल. गावातले डॉक्टर दुखण्यावरची गोळी द्यायचे, गोळी पोटात आहे तोवर बरं वाटायचं. असं वर्ष गेलं. खरी गोष्ट पहिल्यांदा ओळखली ती कासारणीने. संक्रांतीला बांगड्या भरायला बसले, तर नेहमीच्या दोन-चारच्या बांगड्या हातावरून पुढे सरकेनात. तिने साबण लावून पंजा दाबला आणि मी किंचाळलेच. ती म्हणाली, "वैनी, ही सूज हाय. अंग सुटल्यालं न्हवं हे." आठवड्याच्या आत सांगलीला सांधेविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. अँटी सीसीपीची, म्हणजे आमवात ओळखायची रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं.

आता खरी अडचण. आमवाताची खोड तुम्हाला माहीतच आहे. सकाळी तास-दीड तास हात लाकडासारखे, मग वापरात आले की हळूहळू सुटतात. आमचा नंबर लागायचा दुपारी एकला. एसटीने गेलेलं, वाटेत पिशवी धरलेली, तोवर हात बऱ्यापैकी मोकळे झालेले. डॉक्टर म्हणायचे, "मूठ करा." मूठ व्हायची. "कसं आहे?" "बरं आहे." आपल्याकडे रस्त्यात शेजारीण भेटली, कसं काय म्हणाली, की आपण बरं आहे म्हणतो ना, तसंच तोंडातून निघायचं. त्यातही आमच्या ह्यांनी बाजूने भर घालायची, "आता काही तक्रार नाही साहेब." एकदा मुलीने घरी फाईल उघडली आणि म्हणाली, "मम्मी, इथं दर वेळी बेटर लिहिलंय. तू तर रोज सकाळी माझ्याकडून हूक लावून घेतेस."

मग मी मापाच्या वहीची मागची पानं धरली. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून माझी. रोज एकच ओळ. "सोमवार. हूक साडेनऊला लागले." "गुरुवार. पावणेअकरा. डावा अंगठा सुजला, काजं केली नाहीत." दुखणं किती, असं विचारलं की आपल्याला सांगता येत नाही, खूप, थोडं, बरंच, यातून डॉक्टरांना काय कळणार? पण ब्लाउजचे हूक किती वाजता लागले हे बिनचूक सांगता येतं. पुढच्या वेळी ती पानं मी तशीच टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी वेळा केसपेपरवर उतरवून घेतल्या, एकेक सांधा परत दाबून पाहिला आणि त्या दिवशी औषध बदललं. मला फार बोलावं लागलंच नाही. तुमचं काम वेगळं असेल. कंगवा धरता येणं, डब्याचं झाकण, कीबोर्ड, गाडीचा ब्रेक, जे रोज करता ते धरा. सांध्यांचे फोटो काढायचे तर उठल्या उठल्या काढा.

दुसरी गोष्ट सांगायला जरा लाज वाटते. मेथोट्रेक्सेट मी रविवारी रात्री घ्यायचे आणि सोमवार अख्खा मळमळीत जायचा. फोडणीचा वास आला तरी उलटीला व्हायचं. मी गुपचूप गोळी बंद केली. दोन महिने. डॉक्टरांनी विचारलं तर मी म्हणायचे, "घेतेय की." त्यांना वाटलं, औषध लागू पडत नाही, म्हणून त्यांनी डोस वाढवून लिहिला. बाहेर बाकड्यावर बसून मला घाम फुटला. परत आत गेले, नंबर नसताना, आणि सांगून टाकलं. ते चिडले, नाही असं नाही. पण मग म्हणाले, मळमळीवर उपाय असतात. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून फोलिक ॲसिडची जीवनसत्त्वाची गोळी देतात, तिचं गणित बदलता येतं, गोळ्या एकदम न घेता त्याच दिवशी विभागून घेता येतात, नाहीतर त्याच औषधाचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन मिळतं. मला इंजेक्शन चाललं. दोन महिने सांधे झिजवले ते फुकट. म्हणून सांगते, गोळी चुकली असेल, सोडली असेल, कुणी दिलेल्या पुड्या घेत असाल, तर तेच सगळ्यात आधी सांगा. पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आणि ते अचानक बंद केलं तर वेगळाच घोर लागतो.

आता तुमच्या वडिलांचं. ते प्रेमानेच येतात, त्यांना दुखवायचं नाही, हे कळतं मला. पण लग्न आणि मूल हे प्रश्न तुम्ही त्यांच्यासमोर विचारणार नाही, आणि ते न विचारून चालणार नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस जाऊन चालत नाही, गर्भाला धोका असतो. मूल हवं असेल तर ते काही काळ आधी थांबवावं लागतं. किती आधी, आणि त्या काळात दुसरं काय द्यायचं, हे डॉक्टर ठरवतात. काही औषधं गरोदरपणातही चालू ठेवता येतात, काही अजिबात नाही. म्हणजे आमवात आहे म्हणून मूल होणार नाही असं नसतं. मात्र ठरवून करावं लागतं, आणि ठरवायचं तर बोलावं लागतं. ऐन लग्नाच्या धावपळीत स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आमच्या गावातल्या एकीने केली आणि हळदीच्या दिवशी तिला पाटावरून उठता येईना.

युक्ती साधी आहे. चिठ्ठी आत गेल्यावर बाहेर काढायची नाही, केसपेपरलाच आधी टाचून ठेवायची: "मला दोन मिनिटं एकटीने बोलायचं आहे." डॉक्टर स्वतःच म्हणतात, जरा बाहेर बसा. किंवा तपासणी झाली की वडिलांना म्हणा, "पप्पा, मेडिकलला गर्दी होईल, तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." मी ह्यांना असंच पाठवते. त्यांना अजून कळलेलं नाही, किंवा कळलंय आणि बोलत नाहीत.

डॉक्टरांना वेळ नसतो हे खरं. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, त्यांचा तरी काय दोष? म्हणून प्रश्न दोनच न्यायचे, आणि मोठा आधी. बायका काय करतो, किरकोळ आधी विचारतो आणि खरं ते दाराच्या कडीला हात लावल्यावर. शेवटी मी त्यांनी सांगितलेलं मोठ्याने परत म्हणते: "म्हणजे ही बंद, ही रात्री, आणि रक्त महिन्याने." चुकलं असेल तर तिथल्या तिथे कळतं.

आणि कुणी ऐकूनच घेत नसेल, तर डॉक्टर बदला. आधीच्यांना वाईट वाटेल म्हणून मी वर्ष काढलं, तो मूर्खपणा होता. महाराष्ट्रात २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत बदल झाला, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात दिसेल अशी लावावी लागते. आमच्याकडे ती माशांच्या टाकीच्या मागे लावलीय, तरी मी वाकून वाचली. आजार काय, उपचार काय, खर्च किती हे विचारणं आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हे त्यात लिहिलेलं आहे. फाईल आणि रिपोर्ट तुमचे आहेत, मागून घ्या, झेरॉक्स घरी ठेवा.

जाता जाता एक. तुम्ही मेथोट्रेक्सेट गोळीत घेत असाल, तर ती आठवड्यातून एकदाच असते. रोजची समजून कुणी खाल्ली तर जिवावर बेततं. मेडिकलवाला पाकिटावर घाईत काहीही खरडतो, म्हणून मी गोळ्या घेत होते तेव्हा तिथेच त्याचं पेन मागून स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात 'रवि' लिहायचे. फोलिक ॲसिडची स्ट्रिप वेगळ्या डब्यात, मशीनच्या खणात, बॉबिनींशेजारी.