‘ब्रोच’ (broach) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? समानार्थी शब्द कोणते?
‘ब्रोच’ म्हणजे विषय काढणे, पण कुठलाही विषय नव्हे. ज्याला हात घालताना जीभ अडखळते, असा: पगारवाढ, उसने दिलेले पैसे, घराची वाटणी. ‘ही फायनली ब्रोच्ड द सब्जेक्ट ऑफ मनी’ म्हणजे त्याने अखेर पैशांचा विषय काढलाच. हवापाण्याच्या गप्पांना हा शब्द वापरला तर हसू येईल.

मूळ अर्थ दारूच्या पिंपाला भोक पाडून ते सुरू करणे. जुन्या फ्रेंचमधल्या सळईसाठीच्या शब्दावरून तो आला. आपलं ‘विषयाला तोंड फोडणे’ त्याच्या फार जवळ जातं. साडीला लावायचा ब्रोचही याच घराण्यातला. उच्चार तोच, फक्त स्पेलिंगमध्ये ‘ए’च्या जागी दुसरा ‘ओ’.

समानार्थी म्हणाल तर रोजच्या बोलण्यात ‘ब्रिंग अप’, बैठकीत ‘रेझ’, ओझरता उल्लेख असेल तर ‘टच ऑन’. ‘टेबल’ मात्र जपून वापरा: ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ चर्चेला मांडणे, अमेरिकेत चर्चा लांबणीवर टाकणे! आणि ‘ब्रोच’नंतर ‘अबाउट’ लावू नका, विषय थेट येतो.