‘डाउट’ लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझ्या इंग्रजी तांत्रिक अहवालाचा मसुदा वाचला. विषय तू मुळापासून समजून घेतला आहेस, मांडणीही नेटकी आहे. तरी तो लगेच पाठवू नकोस. त्यात ‘डाउट’ हा शब्द जागोजागी आला आहे आणि प्रत्येक ठिकाणी तुला वेगळंच काही म्हणायचं आहे.

आधी ‘आय हॅव अ डाउट’ घेऊ. वर्गात हात वर करून आपण सगळे असंच विचारत आलो. भारतीय इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मला एक प्रश्न आहे’ एवढाच, आणि आपसात तो चालतोच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाला त्यात ‘तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही’ असा सूर ऐकू येतो. ज्या संशोधकांच्या कामाबद्दल तू लिहितो आहेस त्यांच्या निष्कर्षावर तुला बोट ठेवायचं नाही, मधली एक पायरी समजून घ्यायची आहे. मग सरळ ‘क्वेश्चन’ लिही.

याहून धोक्याची जागा दुसऱ्या परिच्छेदात आहे. ‘आय डाउट द सॅम्पल वॉज कंटॅमिनेटेड’ असं तू लिहिलं आहेस. तुझ्या मनात आहे की नमुना दूषित झाला असावा. वाक्य मात्र नेमकं उलट सांगतं: नमुना दूषित झाला असेल असं मला वाटत नाही! इथे ‘सस्पेक्ट’ हवं. एखादी गोष्ट घडली असावी असं वाटतं तेव्हा ‘सस्पेक्ट’, नसावी असं वाटतं तेव्हा ‘डाउट’. आपली ‘शंका’ दोन्हीकडे चालते, म्हणूनच इथे पाय घसरतो. गंमत म्हणजे पूर्वीच्या इंग्रजीत ‘डाउट’ला धास्तीचाही अर्थ होता आणि स्कॉटलंडमध्ये तो अजून ऐकू येतो. तिथे कुणी ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणालं तर पाऊस येईल अशी भीती त्याला वाटत असते. तुझ्या अहवालाचा वाचक मात्र आजचा प्रमाण अर्थच घेणार.

हा फरक कायम लक्षात राहावा असं वाटत असेल तर न्यायालयाकडे बघ. आपल्या बातम्यांत ‘संशयिता’ला अटक होते आणि पुढे त्याचीच ‘संशयाचा फायदा’ देऊन सुटका होते. शब्द एकच, पण पहिला संशय त्याच्यावर असतो आणि दुसरा त्याच्याविरुद्धच्या पुराव्यावर. इंग्रजीत पहिला ‘सस्पिशन’, दुसरा ‘डाउट’. इंग्लंडमध्ये 1935 साली वूल्मिंग्टन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठामपणे सांगितलं, की गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करणं ही फिर्यादी पक्षाची जबाबदारी आहे. तो वाजवी संशय म्हणजे ‘रीझनेबल डाउट’. माणसाला पकडायला ‘सस्पिशन’ लागतं, सोडायला ‘डाउट’ पुरतो.

आता उरलेल्या जागा. इथे शब्दकोश उघडण्याआधी स्वतःला मराठीत विचार, की मला नेमकं काय होतंय? आपल्या भाषेत अस्वस्थतेच्या इतक्या बारीक छटा आहेत की तेवढं कळलं तर इंग्रजी शब्द हाताशीच असतो. योजना वरवर ठीक दिसते, पण मनात पाल चुकचुकते आहे? ते ‘मिसगिव्हिंग्ज’, बहुधा अनेकवचनीच. प्रस्ताव मान्य आहे, पण एका कलमाबद्दल मनात किंतु आहे? ते ‘रिझर्व्हेशन्स’. वरिष्ठांशी असहमती नोंदवायला मला हा शब्द सर्वांत सभ्य वाटतो, कारण त्यात बाकी सगळं मान्य असल्याचं आपोआप येतं. पुढे काय होईल याची धाकधूक म्हणजे ‘ॲप्रिहेन्शन’. आणि आपल्या हातून होणाऱ्या किंवा झालेल्या गोष्टीची टोचणी म्हणजे ‘कम्पंक्शन’. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही टोचणं असाच आहे.

‘क्वाम’ जरा जपून. स्पेलिंगमधल्या ‘एल’चा उच्चार होत नाही. पूर्वी हा शब्द अचानक मळमळून येण्यासाठीही वापरत, आता बहुधा मनाला होणाऱ्या तशाच त्रासासाठी. तो बऱ्याचदा नकारासोबत येतो: अमुक करताना त्याला काहीच ‘क्वाम्स’ वाटले नाहीत. ‘स्क्रूपल’ त्याचा शेजारी. लॅटिनमध्ये बारीक टोकदार खडा, औषधविक्रेत्यांच्या जुन्या मापात 20 ग्रेनचं वजन, आणि आज आपण ज्याला विधिनिषेध म्हणतो ते. चपलेत शिरलेला खडा जसा पाऊल टाकू देत नाही तसं. तुझ्या तांत्रिक अहवालात या दोघांचं काम नाही. तिथे नीतीचा प्रश्नच उद्भवलेला नाही.

‘सस्पिशस ऑफ द डेटा’ मात्र आजच काढ. त्यातून कुणीतरी आकड्यांत हातचलाखी केली असा वास येतो. तुला त्या आकड्यांवर उभा असलेला दावा अजून पुरेसा सिद्ध झालेला वाटत नाही, एवढंच ना? मग ‘स्केप्टिकल’ लिही. ‘स्केप्टिकल’ माणूस पुरावा मागतो, ‘सस्पिशस’ माणूस हेतूवर बोट ठेवतो. अनोळखी वाचकासमोर हा फरक नात्यावर परिणाम करतो, म्हणून इतकं सांगतो आहे.

शेवटच्या पानावर त्या संशोधकांची स्तुती करताना तू ‘नो डाउट’ने वाक्य सुरू केलं आहेस. शब्दशः अर्थ निःसंशय, पण वापरात त्याचा जोर ‘असेल बुवा’ एवढाच उरला आहे आणि वाचक पुढच्या ‘पण’ची वाट पाहू लागतो. मनापासून म्हणायचं असेल तर ‘अनडाउटेडली’ लिही, किंवा काहीच न लावता स्तुती कर. मी दुसरं करीन.

शब्दयोगींचं थोडक्यात: ‘मिसगिव्हिंग्ज’, ‘रिझर्व्हेशन्स’, ‘क्वाम्स’, ‘अनईझी’ (अस्वस्थ) यांच्यानंतर ‘अबाउट’ येतं; ‘सस्पिशस’ आणि ‘वेअरी’ (सावध) यांच्यानंतर ‘ऑफ’.

एक वाक्य मात्र बदलू नकोस. तिसऱ्या प्रयोगाच्या निकालाबद्दल तू नुसतं ‘अनईझी’ लिहिलं आहेस, कारण दिलेलं नाही. काहीतरी खटकतंय, पण बोट कशावर ठेवायचं ते तुला अजून उमगलेलं नाही, आणि त्या अवस्थेला हाच शब्द खरा आहे. भारदस्त दिसावं म्हणून तिथे ‘मिसगिव्हिंग्ज’ घातलंस तर ते तुला खरोखर वाटतंय त्याहून जास्त होईल. आधी त्या प्रयोगाच्या नोंदी पुन्हा काढून बघ. कारण सापडलं तर वाक्य आपोआप बदलेल. नाही सापडलं तर तसंच जाऊ दे.

दुरुस्त मसुदा आला की लगेच वाचतो.

कळावे.