बेडरूमच्या खिडकीला स्विचने पांढरी होणारी स्मार्ट फिल्म लावावी का? समोर नवी बिल्डिंग झालीये, सारखा पडदा ओढून कंटाळा आलाय. खर्च किती, टिकते का?

पावणेदोन वर्षं झाली, आमच्याकडे आहे. डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर, आईच्या खोलीत. एरवी मी लिहिलं नसतं पण "पडदा आहे ना, मग कशाला" हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आईला पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून ती पलंगावरच. खिडकी म्हणजे तिचा अख्खा दिवस. सकाळी शाळेच्या रिक्षा, मग भाजीवाला, उंबरावर येणारे बुलबुल, संध्याकाळी कोण किती वाजता घरी आलं ते मला सांगायची. मग समोरची बैठी चाळ पाडून ७ मजली बिल्डिंग उभी राहिली आणि त्यांच्या गॅलऱ्या आमच्या खिडकीपासून जेमतेम २० फुटांवर आल्या. एकदा ब्युरोच्या ताई आईचं अंग पुसत होत्या, पडदा ओढायचा राहून गेला, आणि समोर दोन मुलं उभी राहून बघत होती. मुलांना काय कळतंय, त्यांचा राग नाही. पण आईने मान भिंतीकडे वळवली आणि त्या दिवसापासून पडदा उघडूच देईना. तीन महिने त्या खोलीत भर दुपारी ट्यूब लावून बसायचो आम्ही.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "अगं, आजारी माणसाला कसली लाज? आणि पडदा आहे की." हे मी विसरलेले नाही. तोंड पुसण्यापासून डायपर बदलण्यापर्यंत दिवसातून दहा वेळा पडदा ओढायचा आणि दहा वेळा उघडायचा, तो दादा ओढणार होता का? टोकियोत शिगेरू बान यांनी २०२० मध्ये बागेत पारदर्शक काचेची स्वच्छतागृहं बांधली, आतून कडी लावली की काच अपारदर्शक होते, तो व्हिडिओ त्यानेच ग्रुपवर टाकला होता, "काय डोकं लावलंय" म्हणून. तिथे कौतुक, आणि आईच्या खिडकीला लावायची म्हटल्यावर फॅड.

आधी आरसा फिल्म लावून पाहिली होती. दिवसा उत्तम, पण रात्री आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं आणि आतल्याला बाहेरचं काही नाही, म्हणजे नेमकं उलटं. साधी फ्रॉस्टेड फिल्म स्वस्तात मस्त, पण मग आईचे बुलबुल गेले. स्पष्टच सांगते, तुम्ही खिडकीतून बाहेर बघतच नसाल तर फ्रॉस्टेड लावा आणि पैसे वाचवा.

आमची खिडकी ४ बाय ४. ट्रान्सफॉर्मर, वायरिंग, मजुरी धरून २७ हजार गेले, सगळे माझ्या बोनसचे. करंट चालू असताना ती पारदर्शक असते आणि बंद केला की दुधाळ, त्यामुळे लाइट गेली तरी झाकलेलीच राहते, उघडी पडत नाही. वीज फार खात नाही, दिवसाला १२ तास पारदर्शक ठेवूनही महिन्याला तीनेक युनिट.

बसवल्यावर मी रात्री समोरच्या काकूंकडे जाऊन त्यांच्याच गॅलरीतून बघून आले. ताईंना सांगितलं होतं, दिवा लावा, काच पांढरी करा आणि नेहमीसारखं काम करा. काचेला लागून उभ्या राहिल्या की त्यांची सावली स्पष्ट कळत होती, हात वर केलेला, वाकलेल्या, सगळं. दोन-अडीच फूट मागे सरकल्या की नुसता उजेड. दुसऱ्या दिवशी पलंग आत सरकवला आणि थोडा वळवलाही, कारण तिरकं बघितलं की चालू असतानाही फिल्मवर धुकं आल्यासारखं वाटतं, आडवं पडलेल्या माणसाला ते जास्त जाणवतं. दुकानात समोर उभं राहून सॅम्पल बघाल तर हे कळणारच नाही, बाजूने बघा.

आता स्विचचं. इलेक्ट्रिशियन दारापाशी भिंतीवर बटण देत होता. मी रिमोटच मागितला, आईच्या डाव्या हाताला, उशीपाशी बांधून ठेवायला. ओले हात, पाण्याची बादली, तिथे वायरचं बटण नकोच होतं (फिल्मला ६० व्होल्टच्या आसपास जातो, तोही कमी समजू नका), पण खरं कारण वेगळं. काच कधी झाकायची ते आईने ठरवायचं, ताईंनी नाही, मी नाही. गणपतीत दादा आला होता, ताई गरम पाणी घेऊन आल्या, आईने आधी काच पांढरी केली आणि मग दादाकडे बघत राहिली, तो उठून बाहेर जाईपर्यंत. दादा, तुला उत्तर मी नाही, तिने दिलं.

टिकण्याचं म्हणाल तर पहिल्याच पावसाळ्यात कडेला बोटभर पट्टा सुटला आणि पांढराच राहायला लागला. बसवणाऱ्याने कडा सील करायला आंबट वासाचं सिलिकॉन वापरलं होतं, त्यातल्या ॲसिडने आतला करंट वाहणारा थर खराब होतो. न्यूट्रल सिलिकॉनच हवं, समोर उभं राहून ट्यूबवर वाचा. एक तुकडा बदलावा लागला, निम्मे पैसे मीच भरले. स्लायडिंगच्या सरकणाऱ्या झडपेची वायरही तुटली एकदा, आता ती झडप कायमची बंद ठेवलीये आणि वाऱ्यासाठी दुसऱ्या भिंतीची खिडकी वापरतो. खडबडीत नक्षीच्या काचेवर ही फिल्म चिकटतच नाही. काच पांढरी झाली म्हणजे खोलीत अंधार होत नाही, दुपारी झोपायला पडदा लागतोच, आमचाही अजून आहे. आणि पश्चिमेचं कडक ऊन खाणारी खिडकी असेल तर फिल्म पिवळी पडायची भीती असते, वॉरंटीत ते लेखी घ्या. आमची पूर्वेची आहे. तुमची कुठल्या दिशेला आणि स्लायडिंग आहे का ते सांगा, मग खर्चाचं नीट सांगता येईल.