वाचकांचे प्रश्न : डीएओचा कारभार पारखायचा कसा?

प्रश्न : एका डीएओचं, म्हणजे ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामायिक नोंदवहीवर) चालणाऱ्या विकेंद्रित संस्थेचं टोकन (शेअरसारखी डिजिटल नोंद) घेऊन सभासद व्हायचा विचार आहे. साखर कारखान्याचा अहवाल वाचता येतो, पण इथे संचालक मंडळच नाही. कारभार चोख आहे का, हे घरबसल्या कसं पाहायचं? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मतदानाकडे नंतर वळा. आधी पाहा, गंगाजळी कोणाच्या सहीने हलते आणि कोड कोण बदलू शकतो.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे संस्थेचे नियम आपोआप चालवणाऱ्या कोडचा, पत्ता संस्थेच्या अधिकृत कागदपत्रांतूनच घ्या, कारण त्याच नावाची बनावट टोकनं सर्रास फिरतात. पत्ता इथरस्कॅनवर (इथेरियम ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) टाका. कोड पडताळलेला नसेल तर पुढे जाऊच नका. ‘रीड ॲज प्रॉक्सी’ दिसलं, तर कोड मागाहून बदलता येतो असं समजा आणि तो अधिकार कोणत्या पत्त्याकडे आहे ते शोधा. तिथे साधं वॉलेट (एकाच्या ताब्यातलं डिजिटल खातं) निघालं, तर अख्खी संस्था एका चावीवर, म्हणजे सही करण्याच्या एका गुप्त संकेतावर, आहे. अनेक सह्यांचं सेफ खातं असेल, तर एकूण चाव्या किती आणि त्यांतल्या किती लागतात, हे तिथेच वाचता येतं. पण चाव्या कोणाकोणाच्या हातात आहेत, हे आकड्यांत दिसत नाही. रोनिन ब्रिजला (एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या सेवेला) 9 पैकी 5 सह्या लागत. त्यांतल्या 4 चाव्या एकाच कंपनीकडे होत्या, आणि पाचवीने सही करण्याची तात्पुरती परवानगी त्याच कंपनीला दिलेली, ती काढून घ्यायची राहून गेली. मार्च 2022 मध्ये 60 कोटी डॉलरहून जास्त रक्कम चोरीला गेली.

पुढची गोष्ट टाइमलॉक, म्हणजे ठराव मंजूर झाल्यावर अंमल होईपर्यंतचा सक्तीचा अवधी. कंपाऊंड (कर्जव्यवहाराची सेवा) आणि युनिस्वॉप (टोकनांच्या अदलाबदलीची सेवा) या डीएओंमध्ये तो 2 दिवसांचा ठेवलेला आहे. ठराव घातक वाटला तर पैसे काढून घ्यायला सभासदाला तेवढाच वेळ मिळतो. अवधी शून्य असेल, तर आमचा सल्ला सरळ आहे : त्यात पडू नका.

आता मतं. आपल्या 1960 च्या सहकार कायद्यात एका सभासदाला एकच मत, मग शेअर कितीही असोत. इथे जितकी टोकनं तितकी मतं. शिवाय बऱ्याच संस्थांत टोकन नुसतं वॉलेटमध्ये असून भागत नाही. मताधिकार कोणाला तरी, निदान स्वतःलाच, सोपवल्याचा व्यवहार करावा लागतो. तो बहुतेक जण करत नाहीत. म्हणून कोरमही (ठराव मंजूर व्हायला लागणारी किमान मतंही) कमी ठेवावा लागतो : कंपाऊंडची एकूण टोकनं 1 कोटी, कोरम 4 लाख. जुलै 2024 मध्ये तिथे 4,99,000 टोकनं, तेव्हाचे सुमारे 2.4 कोटी डॉलर, एका गटाच्या योजनेत वळवण्याचा ठराव 6,82,191 विरुद्ध 6,33,636 मतांनी मंजूर झाला. कोणी काही फोडलं नव्हतं, सगळं नियमात बसत होतं. पुढे तडजोड होऊन तो मागे घेतला गेला. तेव्हा मागचे 10 ठराव काढा आणि प्रत्येक ठराव किती पत्त्यांच्या मतांवर पास झाला ते मोजा. दर वेळी तेच तीन-चार पत्ते निघाले, तर संचालक मंडळ आहे, फक्त त्याची निवडणूक होत नाही.

मताचं वजन कोणत्या क्षणी मोजतात, हेही महत्त्वाचं आहे. बीनस्टॉक या डीएओमध्ये ते मतदानाच्याच क्षणी मोजलं जायचं. एप्रिल 2022 मध्ये हल्लेखोराने फ्लॅश लोन घेतलं (हे कर्ज ज्या व्यवहारात घ्यायचं त्यातच फेडायचं), दोन तृतीयांश मतं जमवली आणि तातडीच्या तरतुदीखाली ठराव लगेच अंमलात आणला. सुमारे 18 कोटी डॉलरचं नुकसान झालं. मतदानाआधीच्या एका ठरलेल्या ब्लॉकवरची (नोंदवहीच्या त्या पानावरची) शिल्लक धरली, तर ही वाट बंद होते.

स्नॅपशॉट या ब्लॉकचेनबाहेर मतं घेणाऱ्या संकेतस्थळावरच्या मतदानाला फी लागत नाही, पण तो निव्वळ कौल असतो. पैसे शेवटी सही करणारेच हलवतात.

कायद्याचं थोडक्यात : डीएओसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. नोंदणी नसलेली संस्था भागीदारी ठरली, तर देणी तुमच्या अंगावर येऊ शकतात. टोकनच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही.

प्रश्न : गुळाच्या प्रत्येक रव्याची नोंद ब्लॉकचेनवर ठेवली, तर साखरमिश्रित गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून खपणं थांबेल का? – एक व्यापारी, मार्केट यार्ड

उत्तर : नुसत्या नोंदीने नाही. ब्लॉकचेन एवढंच सांगते की एकदा घातलेली नोंद नंतर गुपचूप बदललेली नाही. गुऱ्हाळावर खोटं लिहिलं, तर तेच खोटं कायमचं राहतं. क्यूआर स्टिकर सोलून दुसऱ्या रव्यावर चिकटवता येतो, म्हणून एकदाच फाटणारं सील लागेल. दर लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जायला हवा आणि अहवालावर प्रयोगशाळेनेच आपल्या चावीने सही करायला हवी, व्यापाऱ्याने नव्हे. पूर्ण अहवाल साखळीवर चढवू नका, फक्त त्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा छोटा संकेत) ठेवा. खर्च नगण्य येतो आणि कोणाचा भाव उघडा पडत नाही. नोंदी एकच संस्था ठेवणार असेल आणि सगळ्यांचा तिच्यावर विश्वास असेल, तर साधा डेटाबेस पुरेसा आहे. गुऱ्हाळवाले, अडते आणि परगावचे खरेदीदार एकमेकांच्या वह्या मानत नसतील, तरच हा खटाटोप करा.